टॉवेलची घडी

गेल्या वर्षी मी माझ्या ताईला पाण्यात हरवलं आणि जमिनीवर उभ्या उभ्या हरले. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, अशी आमची शर्यत. तलावातून मी तिच्या बऱ्याच आधी बाहेर आले, सायकलींच्या स्टँडपाशी पोचले, टॉवेलने पायांचा चिखल पुसला आणि त्या टॉवेलची घडी घातली. चारही कोपरे जुळवून! तेवढ्यात ताई आली. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे भिरकावून तिने हेल्मेट चढवलं, "बस घड्या घालत!" असं ओरडली आणि सायकल घेऊन पसार झाली. नंतर ती मला काही सापडली नाही.

पोहून आल्यावर सायकलवर बसेपर्यंत घड्याळ थांबत नाही, हे मला माहीत होतं. पण हातांना कोण सांगणार? मी एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचा विभाग सांभाळते. त्याच्याही आधी, लग्न होईपर्यंत, ताईबरोबर एका खोलीत राहिले. ती कपडे जमिनीवर टाकायची आणि मी ते उचलून, घडी घालून तिच्या कप्प्यात ठेवायची. तिला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. उलट "ही आमची इस्त्री!" म्हणून सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटायची. तेच नाव मला चिकटलं. त्यामुळे या वर्षी मला तिच्या नाकावर टिच्चून जिंकायचं होतं. खिलाडूवृत्ती वगैरे नंतर बघू.

महिनाभर घरात नुसता धुमाकूळ. सायकल थेट हॉलमध्ये. मी बाथरूममध्ये अंगावर बादली ओतून घ्यायची, नवरा शिट्टी वाजवायचा, की मी धावत सुटायची. पाय पुसायचे, टॉवेल फेकायचा, हेल्मेट, बूट, सायकल आणि दार! सगळं जमायचं, पण टॉवेलपाशी आलं की हात थबकायचा. सासूबाई सोफ्यावर पेपर वाचत असायच्या.

"अगं, फेक की! तान्हं बाळ आहे का ते?"

एकदा चिडून फेकला, तो नेमका त्यांच्या पेपरवर. मी जीभ चावली. त्यांनी ओला टॉवेल बाजूला सारला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आत्ता कसं! पुन्हा कर."

शर्यतीची सकाळ उजाडली. आमची नावं एकत्र नोंदवली होती, म्हणून स्टँडवर जागाही शेजारीशेजारी. माझं सामान ओळीत, ताईचं म्हणजे वादळ येऊन गेल्यासारखं. ताई ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "इस्त्री, टॉवेल विसरली नाहीस ना?" मी पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

शिट्टी झाली. मी पाणी कापत सुटले, बाहेर आले, पळत स्टँड गाठला. पाय पुसले. आणि फेकला टॉवेल! मागे वळूनही पाहिलं नाही. हेल्मेटचा पट्टा खट्कन लागला, बुटांत पाय गेले, मी सायकल घेऊन बाहेर! काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! एकटीच मोठ्याने हसत मी पायडल मारत होते. वाटेत उभे असलेले लोक बघत राहिले.

सायकलवर ताई मला हमखास गाठते. यंदा ती दिसेचना. सायकल ठेवायला परत आले, तर माझ्या जागेवर टॉवेल होता. घडी घातलेला. कुणी ठेवला? विचार करायला वेळ होताच कुठे! बूट बदलून धावत सुटले.

शेवटच्या वळणावर मागे ओळखीची पावलं ऐकू आली. "इस्त्रीऽऽ!" ऊर फुटेस्तोवर धावले. फीत छातीला लागली तेव्हा ताईचा श्वास माझ्या मानेवर होता. पण मानेवर, म्हणजे मागे! मी जिंकले. गवतावर आडवी पडून मी लहान मुलासारखे पाय झाडले.

सामान घ्यायला आम्ही दोघी लंगडतच गेलो. टॉवेल तसाच होता. आता नीट पाहिलं. कोपरे जुळत नव्हते, एक बाजू तर चक्क बाहेर लोंबत होती. इतकी वाईट घडी जगात एकच माणूस घालू शकतं.

"ताई, हे तू?"

"काय करू? आपल्या जागेत काहीही टाकलं तर चालतं, तू भर वाटेत फेकलास. पंच वहीत तुझा नंबर टिपायला निघाला होता, दंड झाला असता. म्हटलं, मीच ठेवते, एवढ्या वेळी सोडा. नशीब, ऐकलं त्याने."

"तू थांबलीस? शर्यत चालू असताना?"

"मग! पोरगी जन्मात पहिल्यांदा काहीतरी फेकते, आणि तिला दंड?"

भांडायची सवय जाते थोडीच! "बरं, उचललास ते ठीक. घडी घालत कशाला बसलीस? तेवढ्यात तर हरलीस!"

ताई आपले बूट शोधत होती. एक सापडला होता, दुसरा नेहमीप्रमाणे गायब.

"तुझा टॉवेल होता ना," ती म्हणाली.

मी तो टॉवेल उचलला, न उलगडता, तसाच वाकडा, आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला.