कोरडी फेरी

हे तुमच्या खात्याचंच काम आहे, साहेब. वेल्डिंगच्या वरच्या परवान्याच्या परीक्षेसाठी तुम्ही लोखंडी खांब जमिनीत गाडलेत. त्यांना आडवे हात कायमचे जोडून टाकलेत, असे की त्यात अडकवलेला पाइप बरोबर साडेपाच फुटांवर येतो, एक बोटही खाली नाही. वर नियम लिहिलात की उमेदवाराने पायाखाली काही घ्यायचं नाही. आणि एवढं करून छाती फुगवून जाहीर केलंत की परीक्षा सर्वांना खुली आहे. त्या खांबासमोर एका बुधवारी सकाळी एक मुलगी उभी राहिली होती. तिचं काय झालं ते ऐकून घ्या. खुर्चीतून उठायची गरज नाही, तशी सवयही नाही तुम्हाला.

मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची बाई, पण बापाच्या लेखी मुलगीच. उंची चार फूट दहा इंच. वर्कशॉपमध्ये सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे, तीही ओ द्यायची. बारा वर्षं तिने फाटकं जोडली, खिडक्यांचे गज जोडले. पण तिचा जीव अडकला होता वाफेच्या पाइपात. दाबाखालच्या वाफेचा पाइप म्हणजे पोरखेळ नाही. जोडात टाचणीएवढं भोक राहिलं तरी समोरचा माणूस भाजून निघतो. म्हणून ते काम परवान्याशिवाय कोणाला मिळत नाही. तिला ते काम करायचं होतं. बाकी सगळ्याला तिने सरळ रजा दिली होती. फोन खोक्यात गेला, रविवारच्या गप्पा गेल्या, मावसबहिणीच्या लग्नात ती जेवण्यापुरती टेकली आणि हात धुऊन परत आली.

बाप जुना वेल्डर. तीस वर्षं वाफेच्या पाइपांवर त्याचा हात चालला, पण सही कायम दुसऱ्याची, परवानेवाल्याची. "तुम्ही का नाही दिलीत परीक्षा?" असं तिने कधी विचारलं की तो म्हणायचा, "कागद भरायचा कंटाळा, दुसरं काय!" ठिणग्यांनी त्याचे डोळे आता इतके गेले होते की माणूस शर्टाच्या रंगावरून ओळखायचा. पण कान शाबूत. घरामागच्या शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसून तो तिचा जोड ऐकायचा.

"फडफडतोय. रॉड लांब धरलास."

"बाबा, तुम्हाला दिसतंय तरी का?"

"दिसत नाही म्हणून तर खोटं बोलत नाही. जवळ घे."

त्याचा नियम असा की दिवसाला एकच जोड. दुसरा करायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. आणि तो एक करण्याआधी कोरडी फेरी. म्हणजे करंट बंद ठेवायचा, हेल्मेट चढवायचं, रॉड धरायचा होल्डर हातात घ्यायचा आणि पाइपाच्या तळापासून वर माथ्यापर्यंत हात फिरवून आणायचा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. हात कुठे अडला, मनगट कुठे मुरगळलं, पाय कुठे सरकला, हे सगळं ठिणगी पडायच्या आधी कळायला हवं. फेरी स्वच्छ झाली नाही तर पेटवायचं नाही. मग जागा बदल, पाय बदल, नाहीतर घरी जा.

वर्कशॉपमधले लोक शेडमध्ये डोकावून खिदळायचे. "बघा, बापलेक जादूचे प्रयोग करतायत!" बाप म्हणायचा, "हसू दे. त्यांचे जोड गळतात तेव्हा आपण हसू."

आठ महिने हे चाललं. रोजचा जोड दुसऱ्या दिवशी कापायचा, पट्टी काढून वाकवायची, तुटते का बघायची. शेवटच्या सत्तर पट्ट्यांतली एकही तुटली नाही. पाइप अडकवलेला असायचा छातीच्या उंचीवर. बापाने तो जिथे आयुष्यभर अडकवला तिथेच; आणि दोघांची उंची एकाच साच्यातून काढलेली.

तर बुधवारी ती तुमच्या खांबासमोर उभी राहिली आणि पाइप तिच्या कपाळाच्याही वर होता. माथा दिसतच नव्हता.

"साहेब, पायाखाली काहीतरी द्या. फळकूट, वीट, काहीही."

तुमच्या परीक्षकांनी वहीतून डोकं वर काढलं. "नियमात नाही, ताई."

"मग हा हात खाली घ्या."

"तो जोडलेला आहे. पक्का." हे त्यांनी जरा कौतुकाने सांगितलं.

शेजारच्या खांबावर सहा फुटी लंबू होता. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "अगं, टाचा उचल आणि मार की! तुझ्या हाताला कोण नाव ठेवणार? बसला तर बसला."

बसला तर बसला! एकदा ठिणगी पडली की संधी मोजली जाते आणि नापास झालात तर दोन वर्षं तोंड दाखवायचं नाही, हाही तुमचाच नियम. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. आठ महिने! सगळ्या रविवारांचं, त्या लग्नाचं, बापाच्या त्या बादलीचं ओझं एकदम मनगटात उतरलं आणि म्हणू लागलं, आता पेटव, आता मागे फिरायचं नाही. लंबूचा रॉड पेटला. त्याच्या पलीकडचा पेटला. तिचा अंगठाही मशीनच्या बटणावर गेला.

तिने तो उचलून बाजूला केला आणि कोरडी फेरी घेतली.

तळ सोपा गेला. बाजूही गेली. माथ्याजवळ टाचा उचलाव्या लागल्या आणि पोटऱ्या थरथरल्या. थरथर खांद्यातून रॉडच्या टोकाला पोचली. दुसरी फेरी घेतली, पाय फाकवून. तेच. तिसरी डाव्या हाताने खांब धरून. टाच खाली आली आणि रॉडचं टोक जोडाच्या खाचेतून बाहेर सरकलं.

तिने हेल्मेट काढलं.

"पेटवलं नाही तर संधी शाबूत ना?"

"शाबूत. पण ताई, एवढी तयारी करून परत जाणार?"

"तयारी केली म्हणूनच कळलं." तिने तुमच्या फॉर्मवर लिहिलं: 'पाइप माझ्या आवाक्याबाहेर होता. सुरुवात केलेली नाही.' सही केली, परीक्षकांची घेतली आणि दुपारच्या आत घरी आली. रस्ताभर तिला रडू फुटत होतं. खरं सांगायचं तर बापाची भीती वाटत होती. तिच्यापेक्षा जास्त स्वप्नं त्यानेच पाहिली होती.

बाप दारातच होता. "इतक्या लवकर? बसला ना जोड?"

"पेटवलाच नाही."

तिने सगळं सांगितलं. पाइप किती उंचावर होता, टाच कशी खाली आली. बाप जमिनीकडे बघत म्हणाला, "मी पेटवला होता."

"काय?"

"परीक्षेत. चाळीस वर्षं झाली. टाचा उचलून. माथ्याला जोड फाटला. साहेब म्हणाला, तुझा हात कच्चा आहे. मला खरंच वाटलं. परत गेलोच नाही. कोरडी फेरी काढली ती त्यानंतर."

तिला कळेना, याला मिठी मारावी की झोडपावं. "आणि मला उंचीचं सांगितलं नाहीत? आठ महिने, बाबा!"

"लाज वाटली गं. आणि वाटलं, इतक्या वर्षांत बदलला असेल खांब." त्याने मान खाली घातली. "मार मला."

"मारलंच असतं. वाकावंही लागलं नसतं, तेवढे आपण सारखे आहोत."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले आणि तो म्हणाला की ठिणग्यांनी डोळ्यांची वाट लावलीय, बाकी काही नाही. तिने ओढणीने ते पुसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखा तो पुटपुटला, "म्हणजे हात कच्चा नव्हता तर."

"नव्हता," ती म्हणाली. "मी बघितलाय तुमचा हात."

त्या दिवशी तिने तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, की पायाखाली वीट घेऊ द्या. नंतर आणखी तीन. शेडमधला पाइप तिने साडेपाच फुटांवर चढवला, पायाखाली विटांचा थर रचला आणि रोज एक जोड करतेय. रोज पट्टी वाकते, तुटत नाही. पुढची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि तुमच्याकडून पोचसुद्धा नाही.

म्हणून आता इथे, चारचौघांत विचारतो. पायाखाली वीट घेतली तर जोड कसा कच्चा होतो? कुठल्या पानावर लिहिलंय? त्या म्हाताऱ्याला तुमच्याच खुर्चीतून हात कच्चा आहे असं कशाच्या जोरावर सांगितलंत? दोन महिने आहेत तुमच्याकडे. उत्तर द्या.