टेबल कुठं ठेवायचं

जावा-जावा आणि उभा दावा, असं म्हणतात ते उगाच नाही. या दोघींचा दावा तर मुका होता. एकाच घरात राहायच्या, एकाच हॉटेलच्या तळघरात धुण्या-इस्त्रीच्या कामाला जायच्या आणि एकमेकींशी अवाक्षर बोलायच्या नाहीत.

सुरुवात झाली भाजीतल्या मिठावरून. धाकटी म्हणाली, मीठ जरा बेतानं घाला. थोरली म्हणाली, "तुला कोणी विचारलं?" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. पडद्यांच्या रंगापासून सासूबाईंच्या औषधापर्यंत सगळीकडे ती ते वापरत आली होती. त्या दिवशी मात्र धाकटीनं ऐकून घेतलं नाही. तिनं स्वयंपाकघराच्या मधोमध कपाट ओढलं आणि पलीकडे आपली चूल वेगळी मांडली. नवरे बिचारे सख्खे भाऊ. ते कपाटाच्या अलीकडून पलीकडून "मीठ दे रे" करत जेवायचे.

थोरलीला तळघरातून वर जायचं होतं. इस्त्रीच्या वाफेनं तिला दम लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, तुम्ही वाफ सोडा, नाहीतर वाफ तुम्हाला सोडणार नाही. वर पाहुण्यांच्या खोल्यांचं काम होतं, पण त्याला इंग्रजी हवं. हॉटेलनं कॉम्प्युटरवर इंग्रजीचा वर्ग काढला तशी तिनं पहिलं नाव दिलं. वर्गात जाऊन पाहते तर धाकटी आधीच येऊन बसलेली.

शिकवणाऱ्या बाईंनी जोड्या लावल्या. एक आडनाव, एक पत्ता, म्हणून या दोघींची जोडी. "घरीसुद्धा सराव होईल तुमचा," बाई कौतुकानं म्हणाल्या. दोघी छताकडे बघत राहिल्या.

प्रत्येकीपुढे वेगळा कॉम्प्युटर, पडद्यावर चित्र मात्र एकच, आणि ते दोघींनी मिळून पुरं करायचं. बोलायचं ते इंग्रजीतच. अबोला मराठीतला आहे, इंग्रजीतला नाही, अशी थोरलीनं मनाची समजूत घातली. शिवाय इंग्रजीत धोका कमी होता. टोमणा मारावा म्हटलं तर शब्द कुठून आणणार? "बकेट इज रेड," यावर कोण कोणाला काय लावून बोलणार?

परीक्षाही जोडीनंच होती. एक नापास, तर दोघी नापास. पडद्यावर रिकामं घर आलं. त्यात एकीनं सामान ठेवायचं आणि दुसरीला विचारायचं. ती 'येस' म्हणाली तरच वस्तू जागेवर बसणार. 'नो' म्हणाली, तर तिला कारण विचारायचं आणि तिनं ते सांगायचं. पलंग बसला. कपाटापाशी दोघी जरा घुटमळल्या, पण तेही भिंतीला लागलं. मग थोरलीनं जेवणाचं टेबल खिडकीशी नेलं, आपली खुर्ची वाऱ्याला लावली आणि दुसरी दाराशी ठेवली.

"नो," धाकटी म्हणाली.

ठेवणीतलं वाक्य थोरलीच्या जिभेवर आलंच होतं. पण ते मराठीत होतं, आणि इथं तर विचारल्याशिवाय गाडी पुढं सरकत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत होता. तिला तळघरातली वाफ आठवली.

"व्हाय?" तिनं विचारलं. धाकटी लग्न होऊन आली त्याला वर्षं लोटली होती, पण थोरलीनं तिला 'का' म्हणून विचारायची ही पहिलीच खेप.

धाकटी एकेक शब्द शोधत चूल एक होती तेव्हाचं बोलली. त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचा अर्थ एवढाच होता: खिडकीशी तुम्ही. दाराशी मी. मी उठते, आणते, वाढते. माझं जेवण गार. मलापण खिडकी आवडते.

मराठीत हेच सांगायला बसली असती तर माहेर-सासर सगळं निघालं असतं आणि थोरलीनं तोडीस तोड उत्तरं दिली असती. इथं खरं तेवढंच समोर होतं. तिला फार शरम वाटली.

तिनं आपली खुर्ची दाराशी नेली आणि दुसरी खिडकीशी. "यू, विंडो. ओके?"

धाकटीनं दाराशी गेलेली खुर्ची उचलून पुन्हा खिडकीशी, दुसरीच्या शेजारी आणली. "ओके?"

"येस," थोरली म्हणाली.

त्या पास झाल्या. वरच्या मजल्याचे गणवेश हातात पडले. घरी जाताना मात्र एक पुढं, एक मागं, नेहमीसारखंच. वर्ग संपला होता. बोलायला आता इंग्रजीचं निमित्तही उरलं नव्हतं, आणि याचीच थोरलीला भीती वाटत होती.

घरी तिनं चहा टाकला. कपाटापलीकडे धाकटीनंही शेगडी पेटवली. थोरलीनं आपली शेगडी बंद केली आणि कपाटावर हात ठेवला.

"हे भिंतीशी सारू का गं?"

पलीकडून आवाज आला, "कशाला?"

आता कारण सांगणं भाग होतं. "एकटीनं घेतलेला चहा गोड लागत नाही मला," थोरली म्हणाली. "हे मधे आलं त्या दिवसापासून लागत नाही."

पलीकडची शेगडी बंद झाली.

"तुम्ही बाजूला व्हा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "तुम्हाला दम लागतो. मी ढकलते."