लेओंतीन होडीचे कोरडे कौतुक

मी एक जुनी होडी आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी वय विचारायला नको. माझे नाव लेओंतीन. ल्वार नदीच्या काठी, सोम्यूरच्या किल्ल्याखाली, दगडी धक्क्याची तिसरी कडी माझी आहे. अंग ओकच्या लाकडाचे, शीड चौकोनी, बूड सपाट. आमच्या नदीत पाणी थोडे आणि वाळू फार. खोल बुडाचे नखरे इथे चालत नाहीत.

मित्रांनो, मला आन्सेल्मने घडवले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. फळ्या त्याने बापाच्या हाताखाली तासल्या आणि फटींत शेवाळ ठोकून बसवले. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. पण आधी मी आले, मग बायको आली. हा क्रम मी कधी विसरले नाही. त्याची ईव्हेत मनाने चांगली होती, खोटे कशाला बोलू? तरी ती पाय ठेवायची तेव्हा मी मुद्दाम थोडी डुलायची.

पहिली वीस वर्षे मी मासे वाहिले. मग मासे घटले आणि हौशी माणसे वाढली. आन्सेल्म त्यांना माझ्यात बसवून नदीवर न्यायचा. "किल्ला बघायचा तर पाण्यातून बघा. वर जाऊन बघाल तर किल्ला सोडून सगळं दिसेल," असे तो म्हणायचा. हातात लोखंडी टोकाची लांब काठी घेऊन तो वाळू चाचपत चालायचा. भर नदीतल्या वाळूच्या बेटावर उतरून लोक पाव आणि बकरीचे चीज खायचे, अंड्यांवर बसलेले पक्षी लांबून बघायचे. परतताना प्रत्येक जण माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात फिरवून म्हणायचा, "काय देखणी होडी आहे!" मला ते रोज नवे वाटायचे.

मग त्या आल्या. बारा जणी.

आन्सेल्मची नात सोलेन हिने भाड्याने द्यायला प्लॅस्टिकच्या कयाक, म्हणजे एकदोघांच्या चिंचोळ्या होड्या, आणल्या. रंग नारिंगी, अंग पोकळ, आणि नावाच्या जागी आकडे! ज्यांना कोणी नावसुद्धा ठेवले नाही, त्यांच्यावर माणसांच्या उड्या पडू लागल्या. शाळेच्या सहलीतली पोरे माझ्यासमोरून पळत जायची आणि त्या नारिंगींत धपाधप बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरे अंगावर पाणी पडले की ओरडायची, कयाक उलटली की खिदळायची. आमच्या काळात होडी उलटली तर घरात चूल पेटत नसे. यांना त्याचे कौतुक!

एका शरद ऋतूत आन्सेल्म धक्क्यावर पडला आणि त्याचे कंबरेचे हाड मोडले. त्याला पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात नेले. एरवी हिवाळाभर मी नदीतच असायची, धुक्यात आणि पावसात. पण सोलेनला माझी दया आली.

"म्हातारी झालीय ही. हिला थंडीत कशी ठेवू?" म्हणत तिने मला कोठारात नेले. शेगडी पेटवली. अंगाला जवसाचे तेल चोळले, वर लोकरी पांघरूण घातले. त्या बारा जणी बाहेर पावसात पालथ्या पडलेल्या. खिडकीतून मला दिसायच्या. अहाहा! काय सांगू तो हिवाळा!

नाताळाच्या सुमारास माझ्या पाठीत पहिली 'टक्' झाली. लाकूड सुकत होते, फळी फळीपासून सुटत होती. मला कळले नाही असे म्हणणार नाही. कळले होते. पण कौतुक गोड लागत होते, आणि त्या नारिंगी बाहेर गारठत होत्या ते त्याहून गोड. मी गप्प पडून राहिले.

वसंतात धक्क्यावर माणसे जमली होती. सोलेनने मला पाण्यात सोडले आणि चाळणीत ओतावे तसे पाणी आत आले. कोणीतरी मागून म्हणाले, "ही होडी की कारंजं?" लोक हसले. शेजारी त्या बारा जणी कोरड्या ठणठणीत तरंगत होत्या.

आठवडाभरात मादाम ब्रेशे आली, फूल-सजावट मंडळाची बाई, हातात मोजपट्टी घेऊन. गावाबाहेरच्या गोल चौकात मला ठेवून माती भरायची आणि जिरेनियम लावायचे, असा तिचा बेत.

"सगळे येता-जाता बघतील हो. केवढा मान!" मादाम म्हणाली.

मान! मोटारींच्या धुरात, पोटात माती घेऊन! नदीवर काढलेल्या जन्माचा शेवट कुंडी!

सोलेनचे डोळे भरले. "दोन रविवार थांबा. तोवर दुरुस्त नाही झाली, तर न्या."

दुसऱ्या दिवशी तिने आन्सेल्मला चाकांच्या खुर्चीतून धक्क्यावर आणले. त्याच्या पायांत आश्रमातल्या लोकरी सपाता होत्या. त्याने माझ्या फटीत बोट घातले. ते पेरभर आत गेले.

"काय केलंस हिला?"

"जपलं रे, आजोबा. शेगडीजवळ ठेवलं होतं."

"शेगडीजवळ! हॅमची तंगडी आहे का ती, सुकवायला? अगं, लाकडाची जात ही. पाणी प्यायली की फुगते, फुगली की फटी मिटतात. मलाही तिकडे उबदार, कोरडं ठेवलंय. बघ, माझेही सांधे कसे वाजतात ते."

"मग आता काय करू?"

"बुडव तिला."

"आजोबा!"

"दगड भर आणि बुडव. नऊ दिवस पिऊ दे पोटभर. आणि मला एक पेला वाईन आण. पाणी तिच्यासाठी."

दगडांच्या भाराने मी धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात तळाला गेले. मित्रांनो, तिथून मी त्या बारा जणींना प्रथमच खालून पाहिले. रोज माझ्या डोक्यावरून जायच्या, आणि मला भाले टोचायचे. पण त्यांची पोटे! वाळूने खरवडलेली, दगडांनी ओरबाडलेली. सात नंबरला तर ठिगळ लावलेले होते. वरून नारिंगी आणि खालून माझ्यासारख्याच कष्टाच्या. त्यांना कोणी तेल चोळले नव्हते. मला त्यांची कणव आली. थोडी. मी काही संत नाही.

चौथ्या दिवशी सोलेन सात नंबरमध्ये बसून माझ्यावर येऊन थांबली. पाण्यात हात घालून तिने माझी नाळ चाचपली. "पी ग, म्हातारे. माझी चूक झाली," ती म्हणाली. तेव्हाही माझ्या मनात आले, आलीस ती सवतीत बसूनच ना!

ठरलेल्या रविवारी त्यांनी दगड काढले, पाणी उपसले. मादाम ब्रेशे धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभी.

"मी बसतो," आन्सेल्म म्हणाला. "बेटापर्यंत जाऊन येऊ. माझ्या सपाता ओल्या झाल्या, तर घेऊन जा हिला."

सोलेनने काठी धरली. आन्सेल्म फळीवर बसला, सपाता माझ्या तळाला टेकवून. आम्ही बेटाकडे निघालो. मी प्रत्येक फळी दुसरीला अशी दाबून धरली, की जन्मात धरली नव्हती. परत आल्यावर त्याने एक सपात काढली आणि मादामच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट दाबून पाहिली. कोरडी.

"मग मी चौकात काय ठेवू?" ती पुटपुटली.

"त्या नारिंगीतली एक न्या की!" आन्सेल्म म्हणाला. माझ्या फळ्याफळ्यांना गुदगुल्या झाल्या.

"नाही हं, आजोबा," सोलेन म्हणाली. "त्याही माझ्याच आहेत."

तेवढे मात्र मला लागले. पण ठिगळाची सात नंबर शेजारीच डुलत होती, म्हणून मी राग गिळला.

आता हिवाळ्यातही मी नदीतच असते. दर रविवारी आन्सेल्म येऊन माझ्यात बसतो, आणि त्याचे सांधेही कमी वाजतात म्हणे. तर मित्रांनो, घरातली जुनी वस्तू असो की जुने माणूस, आवडते म्हणून कोरडे ठेवू नका. त्याला त्याच्या पाण्यात राहू द्या, त्याच्याकडून काम घ्या. आणि कधी सोम्यूरला आलात, तर कयाकमध्ये जरूर बसा, त्या बिचाऱ्याही कष्टाच्या आहेत.

पण आधी माझ्यात बसा.