तिसऱ्या मॅचवर लावलेलं माहेर

रांझीच्या कामगार वस्तीत बळीरामाला हॉकीवरून छेडायची कोणाची छाती होत नसे. स्वतः त्याने आयुष्यात कधी धड स्टिक धरली नव्हती, पण तो कामाला होता त्या तोफांच्या कारखान्याचा संघ हरू शकतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरतच नसे. एखादी मॅच हातची गेली तर पंच आंधळा, मैदान खडबडीत, नाहीतर ऊन डोळ्यांवर. संघ मात्र सोन्याचा.

आणि नशीब बघा, मुलगी विनता दिली ती नेमकी रेल्वेवाल्यांच्या घरात. व्याही विष्णुपंत रेल्वेत हेडक्लार्क, आणि रेल्वेच्या संघाचे तितकेच वेडे. दरवर्षी पावसाळा सरता सरता कारखाना आणि रेल्वे यांच्यात तीन मॅच व्हायच्या. ते दिवस दोन्ही घरांत सणासारखे जायचे.

पासष्ट साली पहिली मॅच कारखान्याने घेतली, दुसरी रेल्वेने. मधेच लढाई पेटली. दिवसपाळीचा माणूस रातपाळीही करू लागला, खिडक्यांना काळे कागद लागले. तिसरी मॅच रद्द करू या, असं रेल्वेवालेच म्हणाले. “भ्याले,” म्हणत बळीराम गावभर फिरला, आणि मॅच ठरल्या दिवशीच ठेवली गेली. कारखान्याचा गोलकीपर श्रीकांत बळीरामाच्याच शॉपमधला, एकाच खात्यात कामाला. मशीनला टेकून उभ्या उभ्या पेंगताना बळीरामाने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाहिलं म्हणजे उमगलं असं थोडंच असतं.

मॅचच्या आठवडाभर आधी मैदानावर विष्णुपंतांनी चार लोकांदेखत चिमटा काढला. “व्याहीबुवा, तुमची पोरं काय झोपेत खेळणार?”

“झोपेत खेळली तरी जिंकतील. लावा पैज. आम्ही हरलो तर विनताचं बाळंतपण तुमच्याकडेच करा. नाही नेत मी तिला.”

लोक हसले. विष्णुपंतही हसले. लेकीचं पहिलं बाळंतपण कोण पैजेवर लावतं? बळीरामाने लावलं, कारण हरायचा प्रश्नच नव्हता. घरी बायको सत्यवती जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत बसली होती. तिला तो काही बोलला नाही.

मॅचच्या दिवशी श्रीकांत दुहेरी पाळी करून सरळ मैदानावर आला. पहिला गोल त्याच्या पायांमधून गेला. दुसऱ्या वेळी तो हललाच नाही. नेहमीसारखी पंचाला शिवी द्यायला बळीरामाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही दमलेली पोरं आहेत, हे त्याला तेव्हा कुठे दिसलं. कारखाना मॅच हरला.

रविवारी तो विनताला आणायला टांगा करून व्याह्यांकडे गेला. विष्णुपंत पैज धरून बसणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तसंच झालं. “अहो, ती गंमत होती,” ते म्हणाले. “घेऊन जा पोरीला.”

विनता दारात आली. सातवा महिना, चेहरा उतरलेला. सामान बांधलेलं दिसत नव्हतं.

“मी नाही येत, बाबा.”

“काहून? चिडली का बेटा? गंमत होती न ती.”

“तुमची. इथे सगळे मला चिडवून राहिले. जाऊबाई म्हणते, विनताचं माहेर गोलात गेलं. मी पण हसून देत होते.” तिचा आवाज शांत होता. “वाटलं, मॅचच्या आधी बाबा एकदा येतील, म्हणतील बोलून गेलो, चुकलं. रोज वाट पाहिली. तुम्ही आले नाही.”

“आपणच जिंकणार, अशी पक्की खात्री होती न मला.”

“माहीत आहे. त्या श्रीकांतभैयाचा तुम्हाला एवढा भरवसा. आणि हरले तर माझं काय, हे एकदाही मनात नाही आलं?”

“नाही आलं,” बळीराम खरं ते बोलला. विष्णुपंतांनी समजावलं, जावयाने समजावलं. विनता डोळे पुसून आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

परतीच्या वाटेवर बळीराम टांगेवाल्यासमोर लहान पोरासारखा रडला. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला आपण चारचौघांत डावावर लावलं, आणि लावताना क्षणभर विचारसुद्धा केला नाही, हे त्याला सहन होईना.

दारात सत्यवती भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पोटुशा लेकीवरून ओवाळून टाकायला. बळीराम उतरला. ती त्याच्या पाठीमागे टांग्यात बघत राहिली.

“विनता कुठे आहे?” तिने विचारलं.

पैजेचं तिच्या कानावर कोणी घातलं नव्हतं. ते आता त्यालाच सांगायचं होतं.