सामान्य वापरकर्ती

टक्. दिवाणखान्यातलं भिंतीवरचं बटण बंद झालं.

"करंट गेला असं समजा," चेतन म्हणाला.

चेतन माझा नवरा. बटण बंद करताना त्याच्या तोंडावर जे तेज होतं ते आमच्या लग्नातही नव्हतं.

देशपांडे नगरातल्या आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी लिनक्सवाले जमतात, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या फुकटच्या प्रणालीचे भक्त. गोकुळ रोडच्या कारखान्यातला विठ्ठल, कॉलेजात शिकवणारा दीपक, आणि बाकीची अशी मंडळी की ज्यांना स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही, म्हणून जगाचं भलं करायला आमच्याकडं येतात. सध्या त्यांना एक नवी फाइल सिस्टिम सापडली आहे. म्हणजे डिस्कवर काय कुठं ठेवलंय ते सांभाळणारी व्यवस्था. स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय, तसलंच. जुनी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, हाच तिचा गुन्हा. नवी साध्यासुध्या माणसाच्या घरी पोचली पाहिजे, हा यांचा ध्यास. साधासुधा माणूस मात्र यांच्यातल्या एकानंही पाहिलेला नाही. समोरच्या किराणावाल्या बाळाप्पाला विठ्ठलनं जाऊन सगळं समजावलं. यात बिल लवकर निघतं काय, एवढंच बाळाप्पानं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाला साखर मोजायला लागला. तेव्हापासून मंडळींच्या मते बाळाप्पा मागासलेला.

मग उरले मी. आज चेतननं पडद्यावर माझा फोटो लावला. खाली अक्षरं: सामान्य वापरकर्ती. ही उन्हाळ्यापासून वापरतेय आणि हिला कळलंसुद्धा नाही, असं त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मी गिरमिटाच्या, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन दारात उभी होते.

कळलं होतं मला. घरात दोन डिस्क होत्या. एकीवर आमचे फोटो आणि व्हिडिओ, दुसरीवर त्यांचीच नक्कल. चेतननं दोन्ही पुसून नव्या व्यवस्थेत एकत्र जोडल्या आणि सगळं त्यात परत भरलं. ही आपणहून दोन्हीकडं ठेवते, मग वेगळी नक्कल कशाला, म्हणाला. मी म्हटलं होतं, नव्या घरात आपण आधी गाय फिरवतो, दूध उतू जाऊ देतो, मग माणसं राहायला जातात. तू आधी लेकरू घालतोयस.

"तुझ्या गायीला लिनक्स येतं का?" असं विचारून तो हसला होता.

लेकरूच होतं त्यात. आमची आरुषी, आणि तिचे अप्पा, म्हणजे चेतनचे वडील. ते गेल्या पावसाळ्यात गेले. त्याआधी अंथरुणावर उशीला टेकून त्यांनी तिला जेवताना एक गोष्ट सांगितली होती, गुळाचा खडा ओढत नेणाऱ्या मुंगीची, आणि तिचा मी फोनवर व्हिडिओ केला होता. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये, दर घासाला थांबत. शेवटी विचारायचे, साकु, पुट्टी? पुरे का, चिमुरडे? त्यांच्या आवाजाचं आमच्याकडं तेवढंच होतं. फोन भरला म्हणून चेतननंच ते फोनवरून काढून डिस्कवर टाकलं होतं. डिस्कवरचं ते माझ्या फोनवर लावलं की आरुषी रोज दुपारी जेवते. मुंगी एक पाऊल पुढं सरकली की हिचं तोंड आपोआप उघडतं. पाखराच्या पिलासारखं नाही, चांगलं मोठं, पाठची दाढ दिसेल इतकं.

खेळ करायला या माणसाला दुसरी डिस्क मिळाली नाही. मोठी फाइल लिहिली जात असतानाच बटण बंद करायचं आणि काही बिघडत नाही हे दाखवायचं, असा बेत.

बटण परत चालू झालं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, पुढं काही नाही. पुन्हा केलं. तेच. मग विठ्ठलनं फोनवर कुठला तरी दुरुस्तीचा उपाय शोधून वाचून दाखवला, चेतननं घाईघाईनं तो टाइप केला, आणि जे अडकलं होतं ते साफ झालं. जोडलेल्या डिस्क उघडल्या. आत काही नव्हतं.

कुणी वाईट वाटून घेतलं नाही. उलट सगळे उठले, पडद्याचे फोटो काढायला लागले. असं फार क्वचित होतं, दीपक म्हणाला, एखाद्या भाग्यवंताला दर्शन घडावं तशा आवाजात. हे बनवणाऱ्यांना कळवलं तर केवढा उपयोग होईल, यावर चर्चा रंगली. दीपकनं तिथल्या तिथं कळवलं, आणि बनवणाऱ्यांचं उत्तरही लगेच आलं: नक्कल ठेवली असेल त्यातून परत घ्या.

विठ्ठल जाता जाता माझ्यापाशी थांबला. "वैनी, मनाला लावून घेऊ नका. असल्या अनुभवांतूनच ही सामान्य लोकांपर्यंत पोचेल."

सामान्य लोक तेव्हा आतल्या खोलीत चटईवर बसून वरणभाताची वाट बघत होते.

मी ताट घेऊन गेले. आज फोन नाही, आज मी सांगणार, म्हटलं. आरुषीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि परवानगी दिली. मुंगी निघाली. गुळाचा खडा उंबऱ्यापाशी अडला, तिथं मी थांबले, तिचं तोंड उघडलं. चेतन केव्हा दारात येऊन उभा राहिला कळलं नाही. हातात अजून त्या मशीनची वायर होती. बापाचा आवाज पुसून आलेला माणूस वायर गुंडाळत होता, नीट, सारख्या वेटोळ्यांत.

भात संपला. मी तिच्या ओठाचं शीत टिपलं आणि म्हटलं, "साकु, पुट्टी?"

तिनं मान हलवली. "तसं नाही, मम्मी. अप्पा कसं म्हणायचे?"