शेवटच्या बाकाचं दुसरं टोक

बाकाचं तिच्या बाजूचं टोक खाली गेलं आणि फरशीला लागून ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, तेव्हा तिला आधी वाटलं, आपणच हललो असणार. जरा खुट्ट झालं की दचकणारी मुलगी ती, दाराची कडी वाजली तरी हातातलं भांडं सोडणारी; त्यामुळे स्वतःवरच संशय घ्यायची तिला सवय होती. पण त्या क्षणी ती हलली नव्हती. हात मांडीवर होते, पावलं जुळवलेली होती आणि श्वाससुद्धा जपून चालला होता, कारण पुढे व्यासपीठावर पाळकसाहेब तिच्या आईचं नाव वाचत होते. पलीकडच्या टोकाला बसलेलं माणूस उठलं की बाक कसा आपल्याकडे कलतो, अगदी तसा तो कलला होता. तिने मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पलीकडे कुणीच नव्हतं. त्या बाकावर तिच्याशिवाय कधीच कुणी बसत नसे.

त्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेशाआधी हजेरी होत असे. पाळकसाहेब जाड पुठ्ठ्याचं जुनं पुस्तक उघडत आणि कुटुंबामागून कुटुंब, जे ज्या क्रमाने मंडळीत आलं त्या क्रमाने, एकेक नाव वाचत. ज्याचं नाव येई तो उभ्याने म्हणे, “आहे.” गेलेल्या माणसांची नावंही पुस्तकात तशीच ठेवलेली होती, ते नाव आलं की घरचं कुणीतरी त्याच्या वतीने म्हणे, “प्रभूच्या विसाव्यात आहे.” आपल्या आधीचं नाव उच्चारलं गेलं की आपण उठायचं, म्हणजे खोळंबा होत नाही, अशी शिस्त होती. बेकरीवाले आजोबा देहाने इतके भारी होते की ते दोन नावं आधीच उठायला सुरुवात करत, आणि त्यांच्या मागच्या रांगेतली पोरं दर रविवारी तोंडात रुमाल कोंबून हसत.

तिचं नाव त्या पुस्तकात नव्हतं. ज्यांचं नाव नाही त्यांनी शेवटच्या बाकावर बसायचं, आणि सध्या तशी ती एकटीच होती.

आठ महिन्यांपूर्वी आईने तिला मामाच्या दारात आणून सोडलं होतं. पंधरा दिवस ठेव, कामाचं जमलं की घेऊन जाते, असं सांगून. चार महिने फोन येत राहिले, मग थांबले. मामा एकदा आई राहायची त्या गावी जाऊन आला. खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं आणि घरमालक म्हणाला, सामान घेऊन गेल्या, कुठे ते सांगून नाही गेल्या. ती मात्र रोज दुपारी जेवणानंतर नंबर लावायची. पलीकडे घंटी वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही.

“उसनं आणलेलं भांडं कसं वेळेत परत करावं लागतं,” पहिल्या महिन्यात मामी शेजारणीजवळ हसत म्हणाली होती, “ही आमची उसनी भाची. परत न्यायला कुणी येईल तर ना!” मामीच्या मनात वाईट नव्हतं, तिची जीभच तशी, आधी धावणारी. पण शेजारणीने ते गायनवर्गातल्या मुलींपर्यंत पोचवलं आणि तेव्हापासून ती सगळ्यांची ‘उसनी’ झाली. सतराव्या वर्षी असं नाव चिकटलं की ते रंधा मारूनही निघत नाही.

आईचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी यायचं, कारण आजोबा मंडळीत सगळ्यांच्या मागून आले होते. आधी आजोबांचं नाव, त्याला मामा उत्तर देई. मग मामा, मग मामी, मग आई. आई गाव सोडून गेल्यापासून अठरा-एकोणीस वर्षं ते नाव रविवारमागून रविवार वाचलं जात होतं. दोन्हींपैकी एकही उत्तर येत नव्हतं, म्हणून ते खोडताही येत नव्हतं. पाळकसाहेब एक श्वासभर थांबत आणि पुस्तक मिटत. त्या एका श्वासाची ती आठवडाभर वाट पाहायची. आपल्या आईचं नाव एवढ्या माणसांत कुणीतरी मोठ्याने घेतं, याचाच तिला आधार वाटायचा.

पुढच्या रविवारी ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली. आजोबांचं नाव आलं, मामाचं आलं, मामीचं आलं. बाक जागचा हलला नाही. आईचं नाव आलं आणि टक्.

मामा सुतार होता. घराला लागूनच त्याची पत्र्याची शेड होती आणि शाळा सुटल्यावर ती तिथे खुर्च्यांच्या पायांना पॉलिश पेपर मारत बसायची. भुशाचा आणि सरसाचा वास तिच्या केसांत मुरला होता. त्या सोमवारी तिने हातातला पाय खाली न ठेवताच विचारलं, “मामा, तो शेवटचा बाक हलतो का?”

मामा हसला. कानामागची पेन्सिल काढून त्याने ती पुन्हा तिथेच खोचली. “हलतो म्हणजे! तुझ्या आजोबांनी केलेला आहे तो. मधला पाय दोरभर उंच राहिलाय. दोघं दोन टोकांना बसले की सरळ राहतो. एक उठला की दुसऱ्याची बाजू टक् करून खाली जाते. आम्ही दोघं बसायचो त्यावर, मी आणि तुझी आई. ती हळूच पळायला बघायची आणि बाक चुगली करायचा. म्हणून तर बाबांनी मुद्दाम नीट केला नाही.”

“आणि एकटंच कुणी बसलं तर?”

“तर बसल्या बसल्याच खाली जाणार. साधा हिशेब आहे.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “का गं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

रात्रभर तिने तो साधा हिशेब मांडला आणि मोडला. ती बसायची तेव्हा बाक खाली जात नव्हता. गीत होईपर्यंत, प्रार्थना होईपर्यंत, इतकी सगळी नावं होईपर्यंत तो सरळ असायचा. म्हणजे ती येऊन बसण्याआधीच पलीकडचं टोक भरलेलं असायचं.

तिसऱ्या रविवारी तिने जायचंच टाळलं असतं. डोकं दुखतंय म्हणून सांगूनही पाहिलं. “डोकं घरी दुखतं तसंच तिथेही दुखेल,” मामी म्हणाली, “चल, निदान चार माणसांत दुखेल.” बाकाजवळ आल्यावर ती अंग चोरून अगदी कडेला टेकली. बाक सरळच राहिला. मग नावं सुरू झाली आणि तिच्या मानेवर घाम आला. आईचं नाव. टक्. या वेळी तिने, का ते तिलाही कळलं नाही, डावा हात लांब करून पलीकडच्या फळीवर ठेवला. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती, ऊन येत नव्हतं. तिच्या टोकाची मोकळी फळी थंडगार होती. पलीकडची कोमट होती, बसून नुकतंच उठलेल्या माणसाच्या जागेसारखी.

तिने हात ओढून घेतला आणि तो दिवसभर कशालाच लावला नाही.

तिला आता एकाच गोष्टीची भीती वाटत होती. कुणीतरी आईच्या नावाला उठत होतं. उठलेलं माणूस आज ना उद्या बोलणार. ते “आहे” म्हणालं तर आई कुठेतरी असेल, येईल. आणि दुसरं काही म्हणालं तर, रोज दुपारी वाजणाऱ्या त्या घंटीचा अर्थ तिला कळणार होता. भर मंडळीत, गायनवर्गातल्या मुलींच्या समोर.

बुधवारी पाळकसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर हजेरीचं पुस्तक होतं आणि त्यांचा चेहरा खुशीत होता.

“वडीलमंडळींशी बोललो मी. या रविवारपासून तुझं नाव पुस्तकात येईल. आईच्या खालीच लिहीन. मग त्या शेवटच्या बाकावरून तुझी सुटका. मामा-मामींजवळ बसायचं.”

हेच ऐकायला ती आठ महिने थांबली होती, आणि आता ऐकल्यावर तिच्या तोंडून भलतंच निघालं. “आईच्या नावाला कुणी उत्तर दिलं तर?”

त्यांनी चष्मा काढला. “बाळ, जिवंत माणूस आपलं उत्तर आपण देतं. गेलेल्याचं घरचं माणूस देतं. तिसरं काही नसतं.”

“या रविवारी तिचं नाव वगळलंत तर नाही चालणार?”

“वगळायला मी कोण?” ते हळूच म्हणाले. “घाबरू नकोस. प्रभूच्या घरात घाबरण्यासारखं कुणी बसत नाही.”

शनिवारी दुपारी मामाने पाचर तासून तिच्या हातात दिली. “एवढी त्या बाकाच्या पायाखाली ठोकून ये. तू विचारल्यापासून माझ्याही डोक्यात बसलंय ते. आता तू पुढे बसणार, पण उद्या कुणी नवं आलं तर त्याला झोपाळा नको.” आणि हत्यारांची पेटी, चर्चची चावी, वर डोक्यात एक टप्पल. “जा, दिवसाढवळ्या कोण खातंय तुला!”

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर रस्त्यावर सायकली जात होत्या, समोरच्या घरात कुणीतरी गादी झटकत होतं. आत मात्र तिच्याच पावलांचा आवाज तिच्या मागून येत होता. शेवटच्या बाकाशी येऊन तिने पेटी आपल्या नेहमीच्या टोकाला ठेवली, चांगली जड, लोखंडी पेटी, आणि पाचर बसवायला वाकली. पेटीच्या बाजूचा पाय फरशीपासून दोरभर वर होता. पाचर सहज सरकेल इतका. बाक सरळ होता.

ती उठली. पळावंसं वाटलं, पण पळून उद्याचा रविवार टळणार नव्हता. जे ऐकायचं ते उद्या सगळ्यांसमोर ऐकण्यापेक्षा आज एकटीने ऐकलेलं बरं, असा विचार तिच्या मनात आला. तो विचार तिचाच होता का, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नसतं. मधल्या वाटेने ती व्यासपीठापर्यंत गेली. पुस्तक उघडंच होतं, शेवटच्या पानावर. शेजारी दौत होती, टाक होता. पाळकसाहेब नुकतेच उठून जेवायला गेले असावेत.

तिने बाकाकडे तोंड केलं आणि आईचं नाव घेतलं. आवाज स्वच्छ आला, मागच्या भिंतीपर्यंत गेला.

टक्. पेटीतली हत्यारं खळखळली.

ती पुस्तकाची कड धरून उभी राहिली. एक श्वास झाला. दोन झाले. बाहेर गादी झटकण्याचा आवाज थांबला होता. “आई?” ती म्हणाली, आणि तिला आईची ती सवय आठवली, बोलायला लागण्याआधी बारीकसा घसा खाकरायची. तिने कान देऊन तेवढंच ऐकायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. “आहे” नाही, आणि ते दुसरंही नाही. दहा श्वास मोजून झाल्यावर ती हसली, रडायला येतं तशी. कुणीच उत्तर देत नव्हतं. म्हणजे आई होती कुठेतरी. अजूनही उत्तर न देण्याइतकी होती.

मग तिचं लक्ष खाली गेलं. आईच्या नावाखाली, शाई अजून चकाकत असलेलं, तिचं स्वतःचं नाव होतं. पूर्ण नाव, आईच्या नावासकट, पाळकसाहेबांच्या वळणदार अक्षरात. ‘उसनी’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. तिने बोट लावलं नाही, पुसेल म्हणून. उद्या ते कसं ऐकू येईल, आणि आपण “आहे” कसं म्हणू, हे एकदा करून पाहायचा तिला मोह झाला. इतके दिवस वाट पाहिलेलं माणूस तेवढं करणारच. तिने मान ताठ केली, पाळकसाहेब वाचतात तशा संथ आवाजात आपलं नाव वाचलं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

तेव्हा तिला बेकरीवाले आजोबा आठवले. कुणी आपल्या नावाला उठत नाही इथे. आधीचं नाव आलं की उठतात, आणि उभं राहून पुढच्या नावाची वाट पाहतात.

तिचा “आहे” ओठांवरच राहिला. शेवटच्या बाकापाशी, मोकळ्या टोकाजवळ, कुणीतरी बारीकसा घसा खाकरला, आणि आईच्या आवाजात, अगदी मायेने, तिच्या नावाला उत्तर आलं:

“प्रभूच्या विसाव्यात आहे.”