माझ्या पोटातला खिळा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. पण नाटकातलं, त्यामुळे माझ्यावर कुणी कधी जेवलेलं नाही.

ढोंगी बुवाची फजिती दाखवणाऱ्या एका जुन्या फ्रेंच नाटकाचं आपल्या भाषेत रूपांतर झालं, तेव्हा सुतारमामांनी मला मुद्दाम ऐसपैस बनवलं. त्या नाटकात घरमालक बुवाच्या इतका नादी लागतो, की बायकोचंही ऐकत नाही. शेवटी ती नवऱ्याला माझ्याखाली लपवते आणि बुवाचे रंग त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायला लावते. जमिनीपर्यंत लोळणारी माझी चादर बघून लोक कौतुक करायचे. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू.

एकदा टेम्पोतून उतरवताना माझा पाय वरच्या सांध्यात निखळला. प्रयोगाला तासभरच उरला होता. मामांनी लांब खिळा ठोकला, त्याचं टोक आतल्या बाजूला बाहेर आलं. ते वाकवायचं घाईत राहून गेलं.

"बघा, वरून कुठे सांधा दिसतोय?" मामा म्हणाले. मॅनेजर खूश झाले.

घरमालकाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाला त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आत एकदा हात फिरवून घ्या ना." रोज तो तसं करायचाही.

"अगं, पंधरा वर्षं तिथेच बसतोय. चल, घंटा झाली."

तो आत शिरला. टोक त्याच्या कपाळापासून बोटभर अंतरावर. वर बुवा गोड गोड बोलत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी करकर करून पाहिली. त्याला वाटलं, नेहमीचीच कुरकुर. मग ठरल्याप्रमाणे तो रागाने उसळून उठला.

कपाळ रक्ताने भरलं. तसाच बाहेर येऊन तो बुवाला म्हणाला, "वरून किती सोज्वळ रे तू, आणि आत हे?" वाक्य नाटकातलंच, पण मला फार लागलं. लोकांना रक्त म्हणजे रंग वाटला. टाळ्या थांबेनात. विंगेत मुलगी मात्र रडत होती.

सात टाके पडले. मामांनी दुसऱ्या दिवशी खिळा उपटला आणि सांधा नीट बसवला. मॅनेजर म्हणाले, "ते रक्त झकास दिसलं. रोज लाल रंग लावा."

आता रोज लावतात. मित्रांनो, म्हणूनच मला धास्ती वाटते. उद्या आत पुन्हा काही टोचलं, तर खरं रक्त कुणाला ओळखू येणार? टाळ्या वाजवायच्या त्या वाजवा, पण घंटा होण्याआधी कुणीतरी आत हात फिरवा. मला ओरडता येत नाही.